धडा बाई वाचतात, मुलं ऐकतात

पत्र : "मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. माझं हे सहावं वर्ष. नववीच्या पटावर ४८ मुलं आहेत. त्यातली पंधरा-सोळा दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. उरलेल्यांतली दहा-बारा धडा घडाघडा वाचतात, पण काय वाचलंस म्हणून विचारलं की गप्प. बाकीच्यांना साधं वाक्य वाचता येत नाही. मी ओळ वाचते, मराठीत अर्थ सांगते, शब्दार्थ फळ्यावर लिहिते, प्रश्नोत्तरं उतरवून देते. तरी न पाहिलेला उतारा आला की पेपर कोरा, नाहीतर उताऱ्यातल्याच ओळी उचलून लिहिलेल्या. एक मुलगी तर वाचनाची पाळी जवळ आली की पाणी प्यायला जाते. रोज. मुख्याध्यापक म्हणतात, निकाल लावा. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, बी.ए. इतिहासात. मीच कुठंतरी कमी पडते असं वाटतं. काय करू?"

— नववीची वर्गशिक्षिका

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचताना माझाच वर्ग डोळ्यासमोर आला. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली पहिली अकरा-बारा वर्षं अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. ओळ वाचायची, अर्थ सांगायचा, शब्दार्थ, प्रश्नोत्तरं. मन लावून करत होते. संध्याकाळी घसा बसलेला असायचा. म्हणून आधी एवढं सांगते, तुम्ही कमी पडत नाही. उलट वर्गातलं सगळं वाचन तुम्ही एकट्या करताय, आणि घोडं तिथंच अडलंय.

मला हे एका मुलामुळं कळलं. दहावीत होता. प्रकटवाचनात त्याचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं, आणि त्याचं मला फार कौतुक होतं. एकदा मधल्या सुट्टीत तो औषधाची बाटली घेऊन आला. आई आजारी होती आणि डोस कसा द्यायचा ते त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, "अरे, लेबलावर लिहिलंय की. वाच." त्यानं वाचलं, "टेक वन टीस्पूनफुल ट्वाइस अ डे आफ्टर मील्स." एक शब्द चुकला नाही. मी म्हटलं, "मग? दिवसातून किती वेळा?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचं काम झालं होतं, ओळ वाचून झाली होती. आता अर्थ बाई सांगणार. पाचवीपासून त्याच्या प्रत्येक इंग्रजीच्या तासाला हेच होत आलं होतं आणि त्यातली पाच वर्षं त्या तासाला मी उभी होते.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मोजायला लागले. पस्तीस मिनिटांच्या तासात एका मुलाची नजर इंग्रजी ओळीवर, स्वतःच्या जिवावर, मदतीशिवाय, किती मिनिटं असते? तुम्हीही एक दिवस मोजा. माझ्या तासाला ती दोन मिनिटंही भरत नव्हती. मी ओळ वाचताना मुलं ऐकत होती. मी मराठीत अर्थ सांगताना तर पुस्तकाकडे बघायचं कारणच उरत नव्हतं. पाळीपाळीनं उभं करून वाचून घेतलं, तर मुलं पुढचे बाक मोजून आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते हेरून ठेवायची आणि तेवढाच ओठांतल्या ओठांत घोकायची. बाकीचा धडा त्यांच्यासाठी नव्हताच. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या नववीतलं मूल नववं वर्ष इंग्रजी शिकतंय. एवढ्या वर्षांत त्यानं इंग्रजी ऐकलं असेल, उतरवलं असेल, पाठ केलं असेल. वाचलं किती, हा प्रश्न वेगळा आहे.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी एकाच वाक्यात आलीत आणि दोन्हींवर औषध एक नाही. काहींना शब्दच वाचता येत नाही. काहींना शब्द वाचता येतो, पण वाक्य कळत नाही. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये याची फार सोपी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य. औषधाची बाटली घेऊन आलेल्या माझ्या मुलाचं वाचन पैकीच्या पैकी होतं आणि उत्तर शून्य होतं.

म्हणून पहिलं काम, कोण कुठं आहे ते बघा. चाचणीचा पेपर काढू नका, पेपरातून हे कळत नाही. पाचवीच्या पुस्तकातला साठ-सत्तर शब्दांचा एक परिच्छेद निवडा आणि एकेका मुलाला दोन-तीन मिनिटं शेजारी बसवून वाचायला सांगा. परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला. रोज चार मुलं घेतली तर बारा दिवसांत ४८ होतात. किती शब्दांवर अडखळलं ते टिपून ठेवा. मग पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, "काय झालं गोष्टीत? मराठीत सांग." घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलत असेल आणि तुम्हाला समजत असेल, तर गोरमाटीत सांगू दे. समज तपासायची तर मुलाच्या हक्काच्या भाषेत तपासावी, नाहीतर कळलं नाही की सांगता आलं नाही हे आपल्याला उमगतच नाही.

त्याच बैठकीत मराठीचाही एक परिच्छेद वाचून घ्या. हे टाळू नका. 'असर' या, मुलांना काय येतं ते घरोघर जाऊन तपासणाऱ्या पाहणीच्या, २०२३ च्या अहवालात देशभरातल्या निवडक जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासलं होतं. जवळजवळ चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईनं वाचता येत नव्हता. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी होती ५७.३ टक्के, आणि त्यातल्याही साधारण तीन-चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. तुमच्या वर्गात मराठी अडखळत वाचणारं मूल निघालं, तर त्याला इंग्रजीच्या आधी मराठी सैल होऊ द्या. मराठीच्या बाईंशी बोला. त्यात त्यांचा किंवा तुमचा कमीपणा नाही.

शब्द न वाचता येणाऱ्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हायस्कुलात त्यांचं कोणी नसतं. सगळे म्हणतात, हे प्राथमिकमध्ये व्हायला हवं होतं. हवं होतं, पण झालं नाही, आणि आता ते मूल आपल्यासमोर बसलंय.

या मुलांचं पुस्तक उघडून बघा. इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी लिहिलेली असेल, बारीक अक्षरात, पानभर. 'द ओल्ड मॅन वॉज सिटिंग अंडर द ट्री.' एका मुलीचं असं पुस्तक मी हातात घेतलं आणि तिच्यासमोर त्या पेन्सिलीच्या ओळीवर पट्टी ठेवली. खालची छापील ओळ पूर्ण उघडी होती. तिला पहिल्या शब्दाच्या पुढं जाता येईना. वर्षभर ती इंग्रजीच्या तासाला मराठी वाचत होती. मी रागावले नाही, कारण ही लिहून घ्यायची सवय आम्हीच लावलेली. तुम्ही फळ्यावर उच्चार देवनागरीत लिहून देत असाल तर ते हळूहळू कमी करा. एकदम बंद नको, मुलं बुजतील. एखाद्या अवघड शब्दापुरतं ठेवा. पूर्ण ओळीवर मात्र नाही.

त्यांना आणखी एक सांगा, आणि हे मनापासून सांगा : तुम्ही ढ नाही, इंग्रजीची लिपी अवघड आहे. देवनागरीत 'का' म्हणजे का. इंग्रजीतलं 'ए' हे एकच अक्षर बॅटमध्ये वेगळं, केकमध्ये वेगळं, कारमध्ये वेगळं, बॉलमध्ये वेगळं आणि अबाऊटमध्ये आणखी वेगळं. शूरवीराला 'नाइट' म्हणतात, त्याच्या सुरुवातीला 'के' आणि मध्ये 'जी-एच' कशाला, असं मुलं विचारतात. एके काळी ती अक्षरं खरंच उच्चारली जात. इंग्लंडमध्ये छापखाना आला १४७६ साली, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि लोकांची जीभ मात्र पुढं निघून गेली. ही गोष्ट सांगितली की वर्गाचे खांदे सैल होतात, मी पाहिलंय.

मग फळ्यावर लिहा, 'जग'. विचारा, कसं वाचायचं? 'जग गोल आहे' यात एक ज, 'शंभर वर्षं जग' यात दुसरा. अक्षर तेच. कुठला ज ते कोणी शिकवलं होतं का? नाही, वाक्य कळलं म्हणून ज कळला. इंग्रजीतही बऱ्याच ठिकाणी असंच होतं, फक्त तिथं वाक्य अजून आपल्या ओळखीचं नाही.

या वयाच्या मुलांना ए फॉर ॲपल करायला लावू नका. मिसरूड फुटलेल्या मुलाला सफरचंदाचं चित्र दाखवणं म्हणजे वर्गासमोर त्याचा अपमान करणं. त्यांच्या तोंडात आधीपासून असलेले शब्द घ्या. ध्वनी माहीत, अर्थ माहीत, फक्त छापील रूप ओळखीचं नाही, असे किती तरी शब्द त्यांच्याकडे आहेत. स्टेशन, ट्युशन, ऑपरेशन, लोकेशन, ॲक्शन. पाचही फळ्यावर एकाखाली एक इंग्रजीत लिहा आणि शेवटच्या चार अक्षरांखाली रेघ ओढा. 'टी-आय-ओ-एन' म्हणजे 'शन' हे तुम्ही सांगायच्या आत मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडेल. तसंच लाइट, टाइट, फाइट, राइट. तसंच गेट, लाइन, फोन, नोट, केस. यात शेवटचा 'ई' स्वतः मुका राहतो आणि मागच्या स्वराला त्याचं नाव देतो. तासाची पहिली दहा मिनिटं, रोज एक घराणं, जूनपासून गणपतीपर्यंत. वर्ग सगळा घ्या, वेगळा गट काढून कोणाला उघडं पाडू नका. चांगलं वाचणाऱ्यांचंही यात नुकसान नाही, त्यांचं स्पेलिंग सुधारतं.

घरून वाचायला आणायला सांगा. खताची गोणी, बियाण्याची पिशवी, मोटारीच्या स्टार्टरवरची अक्षरं, औषधाची पट्टी. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण वर्गात समजावून सांगा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्याच्या आजूबाजूचं इंग्रजी मुलं किती लक्ष देऊन वाचतात ते बघा. वाचलेल्याचा घराशी संबंध आहे हे त्यांना तिथं पहिल्यांदा दिसतं.

आता घडाघडा वाचणारी तुमची दहा-बारा. यांची काळजी मला जास्त वाटते, कारण सगळ्यांना वाटतं यांना येतं.

एक प्रयोग करा. फळ्यावर हे वाक्य लिहा : 'काल संध्याकाळी धुमटानं तीन पिरट्या ढवसल्या, कारण त्याला चिरमट लागली होती.' आता प्रश्न विचारा. पिरट्या कोणी ढवसल्या? किती? कधी? का ढवसल्या? चारही उत्तरं बिनचूक येतील. मग विचारा, पिरटी म्हणजे काय? वर्ग आधी हसेल आणि मग शांत होईल. त्या शांततेत सांगा, इंग्रजीच्या पेपरात आपण हेच करतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उचलायची, उत्तर म्हणून उतरवायची. उताऱ्यातल्या ओळी उचलून लिहिलेल्या असतात असं तुम्ही लिहिलंत. ती मुलांची लबाडी नाही. गाईडमधल्या आणि आपल्या प्रश्नांनी त्यांना शिकवलेली ती युक्ती आहे, आणि बरेचदा तिला गुणही मिळतात.

म्हणून प्रश्न बदला. 'शेवटी म्हातारा काही बोलला नाही, का बरं?' 'यात चूक कोणाची, आणि कुठल्या ओळीवरून तसं वाटलं?' असे प्रश्न, ज्यांचं उत्तर एका ओळीत पडलेलं नाही. असा एकच प्रश्न, हवं तर मराठीत, वाचायच्या आधी फळ्यावर लिहा. मग सांगा, सात मिनिटं, मनातल्या मनात, शब्दार्थ मिळणार नाही, बाईंना विचारायचं नाही. आणि तुम्ही गप्प बसा.

ही सात मिनिटं सगळ्यांत अवघड आहेत, मुलांना नाही, आपल्याला. जीभ वळवळते. कोणीतरी चुकीचं वाचतंय असं वाटतं. कॉरिडॉरमधून मुख्याध्यापक गेले तर बाई शिकवत नाहीत असं दिसतं. पहिल्या आठवड्यात मुलं इकडंतिकडं बघतील, कुजबुजतील. बघू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या वर्गात पानं उलटल्याचा आवाज यायला लागला. त्यानंतर दोघादोघांनी एकमेकांना मराठीत सांगायचं, काय कळलं. मग वर्गात चर्चा. आणि मग, सगळ्यांत शेवटी, जिथं खरंच अडलंय त्या दोन-तीन वाक्यांपुरता तुमचा मराठी अर्थ. मराठीला वर्गाबाहेर काढू नका. तिला फक्त वाचनाच्या नंतर आणा, आधी नको.

आणि ती दोन-तीन वाक्यं मात्र नीट, उकलून शिकवा. एक नमुना देते. 'अनलेस इट रेन्स धिस वीक, द फार्मर हू बॉट द सीड्स ऑन क्रेडिट विल हॅव टू सो अगेन.' माझ्या एका वर्गात हे वाक्य मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं आणि अर्थ लिहायला सांगितला. निम्म्याहून जास्त वह्यांत आलं : या आठवड्यात पाऊस पडला, शेतकऱ्यानं बी विकत घेतलं आणि पेरलं. बघा काय झालं. रेन, वीक, फार्मर, सीड्स हे ओळखीचे शब्द मुलांनी गोळा केले, आणि त्यांची एक शहाणी गोष्ट आपल्या मनानं जुळवली. मूळ वाक्य म्हणतं, पाऊस पडला नाही तर उधारीवर बियाणं घेतलेल्या शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागेल. अर्थ उलटाच झाला, आणि तो उलटवला 'अनलेस' आणि 'अगेन' या दोन शब्दांनी, जे कुठल्याच मुलानं अवघड शब्द म्हणून वहीत लिहिले नव्हते.

शब्दार्थाच्या यादीत आपण नेहमी मोठे शब्द देतो. मुलं अडतात ती बारक्या शब्दांत. अनलेस, अंटिल, ऑल्दो, हार्डली, इव्हन, इन्स्टेड. हे वर्षभर भिंतीवर लावून ठेवा, मोठ्या अक्षरात.

दुसरी अडचण त्याच वाक्यात आहे. मराठीत वर्णन आधी येतं आणि माणूस नंतर : 'उधारीवर बियाणं घेतलेला शेतकरी'. इंग्रजीत शेतकरी आधी उभा राहतो आणि त्याचं वर्णन 'हू'च्या मागं येतं. मराठी कान असलेलं मूल 'फार्मर'नंतर लगेच क्रियापदाची वाट बघतं, त्याला 'बॉट' सापडतं, आणि त्याच्या दृष्टीनं वाक्य तिथंच संपतं. म्हणून पेन्सिलीनं वाक्याचे तुकडे पाडायला शिकवा. 'हू'पासून 'क्रेडिट'पर्यंत कंस टाका आणि त्यावर बोट ठेवा. आता उरलेलं वाचा : द फार्मर विल हॅव टू सो अगेन. सापडलं! मग बोट काढा. 'इट' आणि 'दे' आले की ते मागच्या कोणत्या शब्दाकडं बोट दाखवतात, तिथपर्यंत बाण काढायचा. रोज एकच वाक्य असं उकला. देवनागरी लिहिलेल्या पेन्सिलीपेक्षा ही पेन्सिल पुष्कळ बरी.

इथपर्यंतचं सगळं पाठ्यपुस्तकावर करता येईल. पण खरा सराव पाठ्यपुस्तकावर होणार नाही, कारण ते तुमच्या मुलांना फार जड आहे. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं होतं की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची, तर शंभरातले साधारण ९८ शब्द आधी माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. नववीच्या धड्यात तुमच्या मुलाला दर ओळीला दोन-तीन अडतात. पोहायला न येणाऱ्याला रोज त्याच खोल विहिरीत ढकलण्यासारखं आहे ते. उथळ पाणी हवं.

फिजी बेटांवरच्या ग्रामीण शाळांत १९८० च्या सुमारास एली आणि मंगूभाई यांनी हा प्रयोग केला होता. चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची अडीचशे सोपी, चित्रांची पुस्तकं दिली आणि मुलांना ती वाचू दिली. आठ महिन्यांत त्या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या साधारण दुप्पट वेगानं झाली. त्या मुलांनाही इंग्रजी घरी ऐकू येत नव्हतं, आपल्यासारखंच.

अडीचशे पुस्तकं कुठून आणू, असं तुम्ही म्हणाल. गावात पाचवी-सहावी-सातवीची इंग्रजीची जुनी पाठ्यपुस्तकं घरोघर पडलेली असतात, ती गोळा करा. वरचं कव्हर काढून ब्राऊन पेपर लावा, म्हणजे नववीच्या मुलाला 'पाचवीचं पुस्तक' वाचताना लाज वाटणार नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथं हजारो गोष्टी फुकट मिळतात, पायऱ्यांनुसार लावलेल्या, आणि कित्येक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. मराठीत वाचलेली गोष्ट मग इंग्रजीत वाचायला द्या, अर्थाचं ओझं आधीच उतरलेलं असतं. शाळेत प्रिंटर असेल तर काळ्यापांढऱ्या प्रती काढा, खोक्यात ठेवा, खोकं वर्गातच ठेवा. कपाटात कुलूप लावून नको. फाटू द्या. आठवड्यातून एक तास या खोक्याचा. त्यावर प्रश्न नाहीत, स्वाध्याय नाही, गुण नाहीत. मुलानं गोष्ट आवडली नाही म्हणून अर्ध्यात सोडली, तरी चालेल.

मुख्याध्यापकांचं थोडक्यात. त्यांची निकालाची काळजी खरी आहे आणि त्यांच्याशी भांडू नका. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या पेपरात, न पाहिलेला उतारा असतोच, आणि तो कुठल्याही गाईडमध्ये नसतो. पाहिलेल्या उताऱ्यावरही स्वतःचं मत विचारतात. तेवढंच त्यांना दाखवा. आणि एकच सत्र मागा. सत्राच्या सुरुवातीला दोन मिनिटांच्या बैठकीत तुम्ही जे टिपून ठेवाल, तेच सत्राच्या शेवटी पुन्हा टिपा आणि दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवा.

तुमच्या इंग्रजीबद्दल. इतिहासात बी.ए. केल्याचं तुम्ही संकोचानं लिहिलंत. बाई, वाचताना अडणं कसं असतं आणि त्यातून वाट कशी काढायची, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यांनी फक्त सगळं येणाऱ्या बाई पाहिलेल्या असतात. एखादा उतारा मुद्दाम न वाचता वर्गात उघडा आणि मोठ्यानं विचार करत वाचा. 'हा शब्द मला माहीत नाही. पुढं काय म्हणतोय? नदी आलीय, नाव आलीय, म्हणजे हे नावेतलं काहीतरी असणार. बघू.' मग शब्दकोश उघडा, उच्चार मोबाईलवर वर्गासमोरच ऐका. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझे हात थरथरत होते. तासानंतर एक मुलगी टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, तुम्हालापण अडतं?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी दिवाळीची वाट बघू नका. टोळ्या दसऱ्यापासूनच हलायला लागतात. कोण कधी जाणार ही यादी सप्टेंबरातच करा, आणि त्यांची दोन मिनिटांची बैठक सगळ्यांत आधी घ्या. प्रत्येकाच्या दप्तरात खोक्यातल्या सहा-सात गोष्टी घाला, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, दंव गळतं. घरात मोबाईल असेल, तर आठवड्यातून एकदा एक परिच्छेद वाचून आवाज पाठवायला सांगा. व्याकरण, स्वाध्याय, काही देऊ नका. मार्चमध्ये परत आलेलं मूल अभ्यासात मागं पडलेलं असेल, पण वाचनाचा धागा तुटलेला नसेल.

आणि ती पाणी प्यायला जाणारी मुलगी. तिला उद्यापासून सगळ्यांसमोर वाचायला उभं करणं थांबवा, आणि हे तिला एकटीला बाजूला घेऊन सांगा, म्हणजे तासभर तिच्या पोटात गोळा राहणार नाही. मग तिला दोन गोष्टी विचारा. फळ्यावरचं नीट दिसतं का? नववीपर्यंत चष्मा लागलाय हे घरात कोणाला कळलेलंच नाही, अशा मुली मी पाहिल्यात. दिसत असेल, तर तिला मराठीतली तिच्या आवडीची गोष्ट वाचायला द्या आणि ऐका. मराठी नीट वाचत असेल, तर तिचं अर्धं काम झालेलं आहे. तिला स्टेशन, ट्युशन, ऑपरेशनची चिठ्ठी द्या. शंभर शब्दांचा एक सोपा परिच्छेद द्या आणि तोच तीन दिवस, दिवसातून दोनदा, घरी धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला सांगा. चौथ्या दिवशी तिनं तो तुम्हाला वाचून दाखवायचा, वर्ग रिकामा असताना, दार लोटून. वर्गात कधी वाचायचं ते तिचं तिला ठरवू द्या. काय झालं ते मला जरूर कळवा, मी वाट बघते.

तुमची,
सदरातली बाई